हजेरीपटावरचं नाव, माइकवरचं नाव

न्यूयॉर्कमध्ये बास्केटबॉल खेळून नावारूपाला आलेल्या मुलाची बहुधा दोन नावं असतात. एक शाळेच्या हजेरीपटावरचं. दुसरं वस्तीतल्या कोर्टवर माइक घेऊन फिरणाऱ्या निवेदकाने ठेवलेलं. रेफर ऑल्स्टन असा 'स्किप टु माय लू' होतो, अर्ल मॅनिगॉल्ट 'द गोट', जो हॅमंड 'द डिस्ट्रॉयर'. ज्युलियस अर्व्हिंग हार्लेममध्ये खेळायला आला तेव्हा निवेदकांनी त्याला 'हुडिनी', 'ब्लॅक मोझेस' अशी एकेक बिरुदं लावून पाहिली. त्याला ती पटली नाहीत. मला 'डॉक्टर' म्हणा, असं त्यानेच सांगितलं. शाळेतल्या मित्राशी जोडलेलं हे नाव पुढे जगभर गेलं.

पहिल्या नावापासून दुसऱ्या नावापर्यंतची वाट म्हणजे स्ट्रीटबॉल. आपल्याकडे मुलगा रस्त्यावर खेळतो म्हटलं की तो वाया चालला असं घरचे समजतात. अमेरिकेतही हौशी खेळाडूची गोष्ट बरेचदा अशीच सांगितली जाते. एका बाजूला शाळा, शिस्त, गणवेश आणि कोचची शिट्टी. दुसऱ्या बाजूला रस्ता, मस्ती, पैज आणि नशा. मला ही मांडणी मुळातच चुकीची वाटते. या खेळातल्या माणसांची आयुष्यं नीट पाहिली की रस्त्यावरच्या बास्केटबॉलला आकार देणाऱ्यांत शिक्षकी पिंडाची माणसं जागोजागी भेटतात. ज्यांची वाताहत झाली ती मुलं तरी रस्त्यावर खेळली म्हणून वाया गेली का? शाळेचं दार बंद झालं तेव्हा त्यांच्या पाठीशी उभं राहणारं मोठं माणूस उरलं नव्हतं, हे कारण मला जास्त खरं वाटतं.

शाळेचा संघ आणि रस्त्याचं कोर्ट यांचं मूळही एकच आहे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी भिंतीवरच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकून बास्केटबॉल सुरू केला, हे अनेकांना ठाऊक असतं. हिवाळ्यात चार भिंतींच्या आत खेळता येईल असा नवा खेळ शोधून काढा, असं नेस्मिथ यांना सांगणारे त्यांचे वरिष्ठ होते ल्यूथर गुलिक. हेच गुलिक पुढे न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांचे शारीरिक शिक्षणाचे प्रमुख झाले आणि १९०३ मध्ये त्यांनी 'पब्लिक स्कूल्स अ‍ॅथलेटिक लीग' उभी केली. शहरातल्या सरकारी शाळांचे संघ आजही याच लीगमध्ये खेळतात. १९०६ मध्ये शहरोशहरी मुलांसाठी मैदानं व्हावीत म्हणून 'प्लेग्राउंड असोसिएशन ऑफ अमेरिका' स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्षही गुलिकच. म्हणजे खेळ शोधायला लावणारा, शाळांची लीग काढणारा आणि खुल्या मैदानांसाठी झटणारा माणूस एकच होता.

पुढे १९३० च्या दशकात रॉबर्ट मोझेस उद्यान खात्याचे आयुक्त असताना न्यूयॉर्कमध्ये शेकडो मैदानं तयार झाली. त्या काळातली एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते. जमीन शिक्षण खात्याची, मैदान बांधून ते राखायचं उद्यान खात्याने. शाळेच्या वेळात ते शाळेचं आणि शाळा सुटल्यावर ते वस्तीचं. हार्लेममधलं १५५ व्या रस्त्यावरचं रकर पार्क हे स्ट्रीटबॉलचं पंढरपूर मानलं जातं. १९५६ मध्ये ते खुलं झालं तेव्हा त्याचं नाव होतं 'पी. एस. १५६ प्लेग्राउंड', म्हणजे एका सरकारी शाळेच्या नावाचं मैदान.

तिथे चालणारा खेळ मात्र शाळेतल्यापेक्षा वेगळा. डांबर किंवा सिमेंटचं कोर्ट, बऱ्याच ठिकाणी सुती जाळीऐवजी लोखंडी साखळ्यांची जाळी. रेफ्री नाही. फाउल ज्याला लागला त्यानेच ओरडून सांगायचा, आणि उगाच ओरडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी संघात घेत नाही. जिंकलेला संघ कोर्टवर राहतो, हरलेला बाहेर. कडेला उभं राहून 'पुढची मॅच आमची' असं आधीच सांगून ठेवावं लागतं. गर्दीच्या संध्याकाळी हरलात तर पुन्हा पाळी येईपर्यंत अंधार पडतो. त्यामुळे अकरा वर्षांच्या पोरालासुद्धा हरणं परवडत नाही. शाळेच्या संघात कोच बदली खेळाडू पाठवतो आणि चूक झाली तर समजावतो. इथे समजावायला कोणी नसतं, पण वीस-पंचवीस वर्षांच्या तगड्या माणसांविरुद्ध खेळायला मिळतं. शाळेत ही संधी कधीच मिळत नाही. वेस्ट फोर्थ स्ट्रीटवरचं 'द केज' नावाचं कोर्ट नेहमीच्या मापापेक्षा लहान आहे आणि चहूबाजूंनी उंच जाळीने बंदिस्त. तिथे मोकळी जागा मिळतच नाही. अंगावर अंग घासत, कोपर खात रिंगपर्यंत जावं लागतं. त्या कोर्टवर तयार झालेला खेळाडू धक्क्याने हलत नाही.

या साऱ्याला स्पर्धेचं रूप दिलं हॉलकोम रकर यांनी. या लेखात ज्यांच्याविषयी सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं असे हेच गृहस्थ. जन्म १९२६ चा. गरिबीत वाढले, शाळा अर्धवट सोडून दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले. परत आल्यावर १९४८ पासून न्यूयॉर्कच्या उद्यान खात्यात हार्लेममधल्या मैदानांवर काम करू लागले. १९५० मध्ये सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या मैदानात त्यांनी उन्हाळी स्पर्धा सुरू केली. चार संघ आणि एक रेफ्री, तोही ते स्वतः. उन्हाळाच का, तर शाळेला सुट्टी, घरात उकाडा, आणि दिवसभर रिकामी फिरणारी मुलं.

स्पर्धेत उतरायचं तर मुलाने शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. आपल्या मैदानांवर संघाच्या निवडीला जन्मदाखला मागतात. रकर गुणपत्रिका मागत. गुण कमी असले तर मुलाला हाकलून न देता त्याला अभ्यासाला बसवत. 'एकाने एकाला शिकवावं' हे त्यांचं ब्रीद. मुलांना अभ्यास करा असं सांगायचं तर आधी आपण करायला हवा, म्हणून त्यांनी नोकरी सांभाळत सुटलेलं शिक्षण पुरं केलं, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून पदवी मिळवली आणि शाळेत इंग्रजी शिकवू लागले. बास्केटबॉलच्या जोरावर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते हे वस्तीतल्या आईबापांना ठाऊकही नव्हतं, त्या काळात त्यांनी सातशेहून अधिक मुलांना अशा शिष्यवृत्त्या मिळवायला मदत केली असं सांगतात. १९६५ च्या मार्चमध्ये कर्करोगाने ते गेले, तेव्हा वय अवघं एकोणचाळीस. त्यांच्या हाताखाली वाढलेल्या बॉब मॅकलो आणि फ्रेडी क्रॉफर्ड यांनी स्पर्धा पुढे चालवली, ती १५५ व्या रस्त्यावर नेली, आणि १९७४ मध्ये त्या मैदानाला रकर यांचं नाव मिळालं.

विल्ट चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार, ज्युलियस अर्व्हिंग असे व्यावसायिक खेळाडू त्या कोर्टवर येऊन वस्तीतल्या मुलांशी खेळत. लोक कुंपणावर, झाडांवर, शेजारच्या इमारतींच्या गच्च्यांवर चढून सामने पाहत. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या सामन्याचं तिकीट काढणं ज्यांना जमत नव्हतं, त्यांच्या अंगणात एनबीए चालून येत होती. पुढे १९८२ मध्ये ग्रेग मॅरियस यांनी 'एंटरटेनर्स बास्केटबॉल क्लासिक' ही स्पर्धा सुरू केली. तिच्यामुळे कोर्टवर हिप-हॉप आलं आणि निवेदकाचा माइक खेळाचाच भाग झाला. नावं ठेवण्याच्या प्रथेला खरा रंग चढला तो तेव्हा.

आता अर्ल मॅनिगॉल्टकडे येतो. जन्म १९४४ चा, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनचा. जन्मदात्यांनी सोडलेल्या या मुलाला मेरी मॅनिगॉल्ट या बाईंनी वाढवलं आणि हार्लेममध्ये आणलं. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे बास्केटबॉलच्या हिशेबात बुटकाच. पण उडी अशी, की भल्याभल्या उंच खेळाडूंच्या डोक्यावरून तो डंक मारायचा, म्हणजे चेंडू वरूनच रिंगमध्ये कोंबायचा. कनिष्ठ शाळेत असताना त्याने एका सामन्यात ५७ गुण केले. त्याची दुहेरी डंकची कसरत पाहिलेले लोक ती हातवारे करून सांगत. एका हाताने चेंडू रिंगमधून खाली घालायचा, तो जमिनीवर पडण्याआधी दुसऱ्या हाताने झेलायचा, आणि अजून हवेतच आहोत तोवर पुन्हा घालायचा. बोर्डाच्या माथ्यावर ठेवलेलं नाणं तो उडी मारून काढून आणत असे, ही दंतकथा तर हार्लेममधल्या पोराटोरांना पाठ.

हा मुलगा बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलमध्ये शिकत होता, शहरातल्या नावाजलेल्या संघातून खेळत होता, आणि गांजा ओढल्याच्या आरोपावरून त्याला शाळेतून काढलं गेलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या लॉरिनबर्ग इन्स्टिट्यूटने त्याला घेतलं, तिथे त्याने शालेय शिक्षण पुरं केलं. पुढे जॉन्सन सी. स्मिथ विद्यापीठात गेला, पण तिथल्या कोचशी पटलं नाही आणि एका सत्रातच तो हार्लेमला परतला. पुढची वर्षं हेरॉइनने खाल्ली. १९६९-७० मध्ये तुरुंगवास झाला. सुटल्यावर व्यावसायिक संघात शिरण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा शरीर साथ देईना. सत्तरच्या दशकाअखेर पुन्हा तुरुंग.

या माणसाची गोष्ट 'रस्त्याने गिळलेला हिरा' अशी सांगतात तेव्हा मला राग येतो. शाळेने त्याला काढलं, कॉलेजात त्याला सांभाळून घेता आलं नाही, आणि तो परत आला तो त्याला ओळखणाऱ्या एकमेव जागी, कोर्टवर. त्याच कोर्टवर पुढे त्याने मुलांसाठी 'वॉक अवे फ्रॉम ड्रग्ज' नावाची स्पर्धा भरवली. अ‍ॅम्स्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूवरचं ९८ व्या रस्त्याजवळचं ते मैदान लोक 'गोट पार्क' म्हणून ओळखतात. हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेला, अंगाने खंगलेला हा माणूस तिथे मुलांना सांगत असे की माझ्यासारखं करू नका. १९८९ मध्ये करीम अब्दुल-जब्बार निवृत्त झाले तेव्हा, आजवर ज्यांच्याबरोबर किंवा ज्यांच्याविरुद्ध खेळलात त्यांतला सर्वश्रेष्ठ कोण, असं त्यांना विचारलं गेलं. त्यांनी एनबीएतल्या कोणाचंही नाव न घेता 'द गोट'चं नाव घेतलं. मॅनिगॉल्ट १९९८ मध्ये वारला.

शाळेचं दार बंद होणं म्हणजे काय, याचं याहून कडू उदाहरण ब्रुकलिनच्या कॉनी हॉकिन्सचं आहे. बेडफर्ड-स्टायव्हेसंट भागातला हा मुलगा बॉइज हायस्कूलकडून खेळला, शाळेला १९५९ आणि १९६० असं लागोपाठ दोन वर्षं शहराचं विजेतेपद मिळालं, आणि आयोवा विद्यापीठाने त्याला घेतलं. १९६१ मध्ये सामनेनिश्चितीचं प्रकरण बाहेर आलं. जॅक मॉलिनास नावाच्या सूत्रधाराकडून हॉकिन्सने दोनशे डॉलर उसने घेतले होते, आणि ते परतही केले होते. त्याच्यावर कोणताही खटला झाला नाही, तरी विद्यापीठाने काढलं आणि एनबीएने दारं लावून घेतली. अठरा वर्षांचा मुलगा. मग तो छोट्या लीगमध्ये खेळला, हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगाव फिरला, आणि दर उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मोकळ्या कोर्टवर येत राहिला. त्याचा दर्जा लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला तो त्या कोर्टमुळे. १९६९ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर तडजोड झाली आणि तो फीनिक्स सन्सकडून एनबीएत उतरला. १९९२ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. मधली आठ वर्षं त्याला कोणी परत दिली नाहीत.

पी वी कर्कलंड आणि जो हॅमंड यांच्याबद्दल थोडक्यात. कर्कलंडला १९६९ मध्ये शिकागो बुल्सने निवडलं होतं, हॅमंडला लेकर्स संघ घ्यायला तयार होता. दोघांनाही रस्त्यावरच्या बेकायदा धंद्यात त्याहून जास्त पैसा दिसला, दोघंही तुरुंगात गेले. फरक पुढे पडला. शाळा आणि कॉलेज या दोन्ही संघांतून खेळलेला कर्कलंड तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा शिकला आणि मुलांना शिकवू लागला, मॅनहॅटनमधल्या एका खासगी शाळेचा कोच झाला. हॅमंड कधीच कोणत्या शाळेच्या संघातून खेळला नव्हता. तो माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत एकाकी.

मुलींचा उल्लेख या आख्यायिकांत फार कमी येतो, म्हणून नॅन्सी लीबरमनचं नाव मुद्दाम घेतो. क्वीन्समधल्या फार रॉकअवेची ही लालसर केसांची शाळकरी मुलगी सबवेने लांबचा प्रवास करून हार्लेमच्या कोर्टवर मुलांविरुद्ध खेळायला जात असे, अंग भरीव दिसावं म्हणून जाकिटाच्या आत कपडे-कागद कोंबून. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात ती होती, तेव्हा तिला नुकतं अठरावं पूर्ण झालं होतं.

आता रेफर ऑल्स्टन. शाळेच्या संघापासून स्ट्रीटबॉलपर्यंत आणि तिथून व्यावसायिक खेळापर्यंत, अशी पूर्ण वाट एकाच आयुष्यात पाहायची तर ती याच्याकडे. १९७६ चा जन्म, क्वीन्समधल्या जमैका भागात वाढलेला. बेंजामिन कार्डोझो हायस्कूलचे कोच रॉन नॅक्लेरिओ यांनी त्याला लहान वयातच हेरलं. अभ्यासात पाय मागे, त्यामुळे लीगच्या नियमांनुसार शेवटच्या काळात शाळेच्या संघातून त्याला फारसं खेळताच आलं नाही. नॅक्लेरिओंनी त्याला सोडलं नाही. तो रकरला खेळायचा, आणि त्याचा खेळ व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपला जात राहिला.

त्याची नाव मिळवून देणारी चाल बघण्यासारखी आहे. सामना ऐन रंगात आलेला, चेंडू त्याच्या हातात, समोर बचाव करणारा वाकून तयार. अशा वेळी ऑल्स्टन अंगणात दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलासारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर टणाटण उड्या मारत पुढे येतो, आणि त्याच तालात चेंडूचा टप्पा पडत राहतो. ही नुसती मस्ती नाही. बचाव करणारा समोरच्याच्या कमरेकडे पाहून दिशा ओळखतो. उडी मारणाऱ्या माणसाची कंबर कोणतीच दिशा सांगत नाही. बचाव करणारा क्षणभर टाचांवर येतो, वजन मागे जातं, आणि नेमक्या त्याच क्षणी ऑल्स्टन खांदा पाडून त्याच्या बाजूने निघून गेलेला असतो. निवेदक ड्यूक टँगो यांनी ते पाहून मुलांच्या जुन्या गाण्यातले शब्द उच्चारले, आणि 'स्किप टु माय लू' हे नाव कायमचं चिकटलं.

नॅक्लेरिओंनी त्याच्या खेळाची अंधूक, हलणारी टेप बुटांच्या एका तरुण कंपनीकडे दिली. अँड वन ही कंपनी १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या तरुणांनी काढली होती आणि नाइकीसमोर टिकण्यासाठी ती काही तरी वेगळं शोधत होती. टेपवर हिप-हॉपचा ताल चढवून तिच्या ५०,००० प्रती काढल्या आणि शिबिरांतून, क्लबांतून, दुकानांतून वाटल्या. इंटरनेटवर व्हिडिओ सहज पाहता येत नव्हते असा तो काळ. गावोगावची मुलं टेप मागेपुढे करून, टीव्हीसमोर चेंडू घेऊन त्या चाली घोटवत. ऑल्स्टन मात्र तोवर कॅलिफोर्नियातल्या दोन छोट्या कॉलेजांतून फ्रेस्नो स्टेट विद्यापीठात पोचला होता. १९९८ मध्ये मिलवॉकी बक्सने त्याला ३९ व्या क्रमांकावर निवडलं.

एनबीएत त्याने ती उडी जवळजवळ सोडूनच दिली. काही चाहते नाराज झाले. मला त्यात त्याचं मोठेपण दिसतं. रस्त्याने त्याला चेंडूवरची हुकमत दिली होती, ती त्याने संघासाठी वापरली. २००७-०८ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने सलग २२ सामने जिंकले तेव्हा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, हाच होता. २००९ मध्ये ऑरलँडो मॅजिककडून तो एनबीएच्या अंतिम मालिकेत खेळला आणि लेकर्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात त्याने २० गुण केले. मालिकेतला ऑरलँडोने जिंकलेला तो एकमेव सामना. प्रगतिपुस्तकापायी शाळेच्या संघाबाहेर बसलेल्या मुलाचा हा प्रवास आहे, आणि त्याच्या शाळेतला कोच त्या प्रवासात शेवटपर्यंत होता. नॅक्लेरिओ १९८१ पासून कार्डोझोमध्ये कोच होते, आणि शहराच्या सरकारी शाळांच्या लीगमध्ये सर्वाधिक विजयांचा विक्रम त्यांच्या नावावर आहे.

त्या टेपांनी पुढे वेगळंच वळण घेतलं. अँड वनने स्ट्रीटबॉल खेळाडूंचा संघ करून देशभर दौरे काढले आणि ईएसपीएन या क्रीडावाहिनीने त्यावर मालिका केली. 'हॉट सॉस' म्हणून ओळखला जाणारा फिलिप चॅम्पियन घराघरांत पोचला. प्रत्येक गावी स्थानिक खेळाडूंना उतरण्याची खुली संधी असे, आणि जो टिकेल त्याला कराराची आशा. २००३ मध्ये दौरा ऑरेगनमधल्या पोर्टलंडला आला तेव्हा जवळच्याच कायझर गावचा ग्रेसन बाउचर रांगेत उभा राहिला. पाच फूट दहा इंच, किडकिडीत, वय एकोणीस. शाळेच्या संघात खेळलेला, पण नावाजलेला नाही. पुढे स्थानिक कम्युनिटी कॉलेजच्या संघात बहुतेक वेळ बाकावर. हार्लेमशी संबंध फक्त टेपांतून. एकेका टेपवरून तो चाली शिकला होता, आणि त्या उन्हाळ्याच्या अखेरीस करार त्यानेच जिंकला. वयाने आणि अंगाने मोठ्या खेळाडूंना कोर्टवर धडे देणारा म्हणून त्याला 'द प्रोफेसर' म्हणू लागले. अँड वनचा बहर काही वर्षांत ओसरला, पण बाउचर इंटरनेटवर गेला, आणि आज लाखो मुलं त्याचे व्हिडिओ पाहून ड्रिबल शिकतात.

टेप आणि दौऱ्यांच्या काळाबद्दल माझं मत मिश्र आहे. चेंडूखाली हात घालून तो वाहून नेणं, रेफ्रीने डोळेझाक करणं, एका चालीसाठी सामना थांबल्यासारखा होणं, हे खेळाच्या मुळावर येणारं होतं. जुन्या कोचांची चीड मी समजू शकतो. पण कायझरसारख्या गावातल्या, कॉलेजच्या बाकावर बसणाऱ्या मुलालाही त्याच टेपांनी सांगितलं की तुझ्यातही काही आहे. त्याच्या कॉलेजच्या संघाकडून ते झालं नव्हतं.

महाराष्ट्राचा आणि या परंपरेचा एक खरा धागा आहे, तो नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये मुंबईच्या या दाट, गरीब वस्तीत 'नागपाडा नेबरहूड हाउस' उभं केलं. अमेरिकी शहरांतल्या गरीब वस्त्यांत वाचनालय, दवाखाना, रात्रशाळा आणि खेळ एका छताखाली देणाऱ्या संस्था होत्या, त्याच धर्तीवर. १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, सुरू झाली तीही याच वास्तूत आणि मॅनशार्ट यांच्याच नेतृत्वाखाली. नागपाड्यात बास्केटबॉल असा काही रुजला की क्रिकेटवेड्या मुंबईत ही एक वस्ती बास्केटबॉलची म्हणून ओळखली गेली. बच्चू खान यांच्यासारख्या कोचने तिथल्या पोरांना घडवलं. भारताचं कर्णधारपद भूषवलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर याच मातीतले. चेंडू हातात धरण्याची त्यांची मिजास मुंबईचे जुने प्रेक्षक अजून रंगवून सांगतात. कित्येक मुलांना या खेळाने रेल्वेत नोकरी दिली आणि घर चालवलं.

नागपाड्याबाहेर मात्र आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. शाळेत कोर्ट असतं, संघ असतो, जिल्हास्तरावर मुलं खेळतात, दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. मग दहावीचं वर्ष येतं, क्लास लागतो, आणि चेंडू माळ्यावर जातो. शाळा सुटली की फाटकाला कुलूप. वस्तीतली मुलं कुंपणाच्या जाळीतून रिकामी रिंग बघत उभी असतात, रखवालदार त्यांना हटकतो. जमीन शाळेची, राखण महापालिकेची आणि संध्याकाळ वस्तीची, ही न्यूयॉर्कने तीसच्या दशकात बसवलेली घडी आपल्याला न जमण्यासारखी नाही. त्यासाठी स्टेडियम लागत नाही. एक दिवा, एक रखवालदार, आणि पोरांच्या अभ्यासाची चौकशी करणारा एक माणूस लागतो. मुलाच्या गुणपत्रिकेवर नजर ठेवणारा कोच मिळाला तर आईबापांचा अर्धा विरोध तिथेच मावळेल, याची मला खात्री आहे.

आणि आता तर रस्त्याचा खेळ अधिकृत झाला आहे. थ्री बाय थ्री, म्हणजे तिघांविरुद्ध तिघं, अर्ध्या कोर्टवर, एकच रिंग. संघात चौथा एक बदली. दहा मिनिटं किंवा आधी २१ गुण करेल तो विजयी. चेंडू हाती आल्यावर बारा सेकंदांत रिंगकडे टाकायचा. कमानीच्या आतून एक गुण, बाहेरून दोन. सामना चालू असताना कोचने बाकावरून सूचना द्यायच्या नाहीत, मुलांनी आपलं आपण ठरवायचं. हा नियम थेट गल्लीतून आलेला. २०१० च्या युवा ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आला, आणि करोनामुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो मुख्य कार्यक्रमात दाखल झाला. रकर पार्क ज्या देशात आहे, त्या अमेरिकेचा पुरुष संघ टोकियोसाठी पात्रच ठरला नाही. अंतिम सामन्यात रशियन ऑलिंपिक समितीच्या संघाला २१-१८ असं हरवून सुवर्ण जिंकलं लाटवियाने, आणि शेवटचा दोन गुणांचा फटका कार्लिस लासमानिसचा होता.

अमेरिका पात्र न ठरण्याचं एक कारण क्रमवारीच्या पद्धतीत आहे. या प्रकारात आंतरराष्ट्रीय महासंघ प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूला वैयक्तिक गुण देतो, आणि मान्यता मिळालेल्या स्थानिक स्पर्धाही त्यात धरल्या जातात. मागच्या बारा महिन्यांतल्या कामगिरीवर क्रमवारी ठरते. वर्षभर गावोगाव खेळणारे वर जातात, नुसता मोठा लौकिक असलेले मागे राहतात. म्हणजे कोल्हापूर, नागपूर किंवा नांदेडच्या एखाद्या शाळेच्या अर्ध्या कोर्टवर चार मुलींनी संघ केला, मान्यताप्राप्त स्पर्धेत नाव नोंदवून त्या उतरल्या, तर लाटवियातल्या रिगाच्या आणि न्यूयॉर्कच्या खेळाडूंची नावं असतात त्याच यादीत त्यांचीही नावं लागतात, हजेरीपटावर असतात तशीच.